सरकारचे जावई

'सरकारचे जावई' ही पदवी आम्हाला बी.ए.च्या कितीतरी आधी मिळाली. कॉलेजात नाव घातलं, जी.ओ.आय.चा फॉर्म भरला की त्याच दिवशी ती मिळायची. तिला परीक्षा नव्हती. जी.ओ.आय. म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडियाची स्कॉलरशिप. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून आमच्या पोरांनी तीन अक्षरांत उरकलं. 'जी.ओ.आय. आली का रं?' 'न्हाई आजून. पुढच्या महिन्यात म्हणतोय क्लार्क.' वसतिगृहात, मेसमध्ये, चहाच्या टपरीवर या दोन वाक्यांवर आमचं अख्खं वर्ष सरायचं.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातून परभणीला शिकायला आलो १९७९ मध्ये. नामांतराच्या दंगलीला वर्ष झालं होतं, पण गावोगावची राख अजून निवली नव्हती. ज्या कॉलेजात होतो त्याचं नाव लिहीत नाही. तिथं फी भरणाऱ्यांची रांग वेगळी आणि आमची रांग वेगळी. बोर्डावर आमच्या नावांची यादी लागायची. जातीचा दाखला तहसीलदारानं एकदाच दिलेला, पण बोर्ड तो दरवर्षी सगळ्या कॉलेजला वाचून दाखवायचा. मागून आवाज यायचा, 'आले जावई.'

दोस्त हो, शिवीला उत्तर शिवीनं देता येतं. आम्ही ते दिलं, कधी हातानंही दिलं. पण हिशोबानं दिलेलं उत्तर जास्त टिकतं, म्हणून आज हिशोब मांडतो. सरकारी तिजोरीतून विद्येच्या नावावर पैसा घ्यायची चाल या महाराष्ट्रात कुणी पाडली? पहिला जावई कोण?

त्यासाठी पुण्याला जावं लागतं, पर्वतीच्या पायथ्याशी. तिथं रमणा होता. श्रावण महिन्यात पेशवे तिथं ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. मूळ चाल दाभाडे सेनापतींची, तळेगावची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि दक्षिणा वाटायचं काम पेशव्यांनी आपल्याकडे घेतलं. देशभरातून ब्राह्मण यायचे. सुरुवातीला शास्त्राची परीक्षा असे, पुढे ती नावाला राहिली, जन्म हीच परीक्षा ठरली. रक्कम लाखांच्या घरात जायची. हा पैसा कुठून यायचा? सरदेशमुखी-चौथाईतून, कुणब्याच्या खळ्यातून. त्याच पुण्यात आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं होतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दक्षिणा बुडाली नाही. एल्फिन्स्टन साहेब हुशार माणूस. पुण्याचा ब्राह्मण नाराज झाला तर राज्य जड जाईल हे त्यानं ओळखलं. दक्षिणेचा फंड चालू ठेवला आणि त्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिथं शिकायला परवानगी ब्राह्मणाच्या पोराला, आणि शिकण्याबद्दल वर सरकारी विद्यावेतन. आता सांगा, फी माफ, वर महिन्याचा पैसा, आणि अट जातीची! याला आजच्या भाषेत काय म्हणतात?

पुढे १८४९ मध्ये पुण्याच्या काही सुधारक मंडळींनी सरकारला अर्ज केला की या फंडातला काही पैसा मराठी ग्रंथांना द्या. सनातनी चवताळले. अर्ज घेऊन जाणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती होती. तेव्हा जोतीरावांनी दोनेकशे महार-मांग गडी संरक्षणाला आणून उभे केले, असं त्यांच्या चरित्रात आहे. म्हणजे बघा, दक्षिणेचं तोंड जरा वळावं म्हणून जे उभे राहिले त्यात आपली माणसं होती. त्यांना त्या फंडातलं काही मिळणार नव्हतं. फंड पुढे 'दक्षिणा फेलोशिप' झाला. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर दक्षिणा फेलो होते. दोघेही विद्वान, वाद नाही. पण त्यांच्या चरित्रात ही फेलोशिप मानाचं पान म्हणून येते. त्यांना कुणी जावई म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

याच काळातली दुसरी गोष्ट. १८५६ मध्ये धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. फी भरायची तयारी होती. त्याला शाळेत घेतलं नाही. सरकारनं म्हटलं, एका पोरासाठी बाकीचे शाळा सोडून जातील. रमण्याच्या पैशावर शिकणारे आत, पदरच्या पैशानं शिकू मागणारा बाहेर.

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी हाच हिशोब टेबलावर ठेवला. सरकारचा महसूल येतो राबणाऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. शंभर वर्षांनंतर आम्हाला 'आमच्या टॅक्सवर शिकता' म्हणणाऱ्यांनी हे निवेदन एकदा डोळ्याखालून घालावं.

आता बाबासाहेबांकडे येऊ. सयाजीरावांनी बाबासाहेबांना शिकवलं एवढं आपण भाषणात सांगतो आणि पुढे जातो. जरा थांबून व्यवहार पाहिला पाहिजे. इंटर झाल्यावर पैसा संपला, केळुसकर गुरुजींनी सयाजीरावांची भेट घालून दिली, महिना २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये बी.ए.नंतर अमेरिकेला जायचं ठरलं. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. पण ही बक्षिसी नव्हती. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली : शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. तिकडे मुदत संपत आली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले तर काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. कचेरीत शिपाई फायली लांबून फेकायचे. राहायला जागा नाही. पारशाच्या सरायीत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. आणि एवढं झाल्यावर संस्थानानं मागाहून शिष्यवृत्तीच्या पैशाची परतफेड मागितली, कारण करार मोडला म्हणे! करार कुणी मोडला? नोकरी करायला माणूस आला होता, त्याला गावात झोपायला जागा मिळेना. सयाजीरावांबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो कमी होत नाही. पण राजा कितीही चांगला असला तरी राजाच्या मर्जीवर समाज शिकत नसतो, हे बाबासाहेब स्वतःच्या अंगावर शिकले असं मी मानतो.

शिष्यवृत्तीबद्दल बाबासाहेबांचं एक मत तर आपल्या पोरांना ऐकूनच माहीत नसतं. १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सांगितलं की अस्पृश्य मुलांना नुसती शिष्यवृत्ती देणं म्हणजे सरकारी पैसा वाया घालवणं आहे. का? तर बाप इतका गरीब की आलेला पैसा घरखर्चाला लागतो, आणि पोराच्या भोवतीचं वातावरण काही बदलत नाही. त्यापेक्षा वसतिगृहं काढा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या वस्तीतली घरं आठवली. जी.ओ.आय. आली की अर्धी गावाकडं जायची. कुणाच्या बहिणीचं लगीन, कुणाच्या मायचं आजारपण, सावकाराचं येणं. माझ्या बापानं मला कधी पैसे मागितले नाहीत, पण चुलत्याचा निरोप यायचा : 'पोराला सरकार पगार देतंय म्हणं.' बाप्याला काय दोष द्यायचा? उपाशी घरात पैसा आला तर तो पुस्तकाकडं जाईल का भाकरीकडं? बाबासाहेबांनी हे आधीच पाहून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती दोन्ही धरलं, एकावर भिस्त ठेवली नाही.

मग आलं १९४२. जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगोला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं लांबलचक निवेदन दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग म्हणजे आपल्या जी.ओ.आय.ची जन्मपत्रिका. भाषा काकुळतीची नाही. एखाद्या पट्टीच्या वकिलानं दाव्याचा अर्ज लिहावा तशी आहे. ते दाखवतात की हिंदुस्थान सरकार अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला वर्षाला तीन लाख देतं, बनारसच्या हिंदू विद्यापीठालाही तीन लाख देतं. मग आमच्या माणसांसाठी काय? नुसत्या कला-कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षण पाहिजे, आणि ते आमच्या लोकांच्या ऐपतीबाहेरचं आहे. म्हणून देशातल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख, परदेशी शिक्षणासाठी एक लाख. बेरीज तीन लाख. जेवढं दुसऱ्यांना, तेवढंच आम्हाला.

तीन लाख मंजूर झाले आणि १९४४-४५ पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४८-४९ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनाही त्या लागू झाल्या. स्वातंत्र्य आल्यावर काँग्रेसनं आम्हाला शिष्यवृत्ती दिली असं पुष्कळ म्हातारे अजून म्हणतात. तारीख बघा म्हणावं. ती इंग्रजी अमदानीत, आपल्या माणसानं, हिशोब मांडून वसूल केलेली आहे.

पण १९४४ मध्ये परभणी कुठं होती? इंग्रजाच्या राज्यात नव्हतीच. आपण निजामाची रयत. गावात आधी शाळाच मुश्किल, असली तर उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं तेही उर्दू माध्यमाचं आणि हैदराबादेत. ज्याच्या घरात मराठीचं अक्षर नव्हतं त्यानं उर्दूतून मॅट्रिक व्हायचं, मग स्कॉलरशिप मागायची! हैदराबाद संस्थानात दलितांची चळवळ नव्हती असं नाही. भाग्यरेड्डी वर्मा होते, बी. एस. व्यंकटराव होते, औरंगाबादेत जन्मलेले श्यामसुंदर होते. व्यंकटराव निजामाच्या शेवटच्या, लायकअलीच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहू द्या. बाबासाहेबांनीही निजामाची बाजू घेऊ नका असं अस्पृश्यांना बजावलं होतं. पण अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी एक कोटीचा फंड त्या काळात उभा राहिला ही गोष्ट खरी आहे, आणि तिचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो.

तो असा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मराठवाड्यात कॉलेज काढायचं ठरवलं. पैसा कुठं होता? या अनुसूचित जाती ट्रस्ट फंडातून सोसायटीला कर्ज मिळालं. कर्ज बरं का, देणगी नाही. जून १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू झालं, तेच आपलं मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. अख्ख्या मराठवाड्याला तोवर पदवीचं शिक्षण घ्यायला हैदराबादेची वाट धरावी लागायची. आणि एक गोष्ट सवर्ण मित्रांना जरूर सांगा : मिलिंदमध्ये त्यांचीही पोरं शिकली. आमच्या नावच्या फंडातून कर्ज काढून उभारलेल्या कॉलेजात मराठवाड्यातल्या सगळ्या जातींची पिढी पदवीधर झाली. मग जावई कोण आणि सासरा कोण?

परभणीकडची पोरं मीटरगेजच्या गाडीनं सेलू, परतूर, जालना करत औरंगाबादला जायची. बरोबर पत्र्याची पेटी, भाकरी, आणि दाखल्यांची सुरळी. नागसेनवनात वसतिगृह होतं, जी.ओ.आय. येईस्तोवर मेस उधारीवर चालायची. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती एका जागी आली म्हणजे काय होतं ते तिथं दिसलं. मराठवाड्यातलं दलित साहित्य, पँथरची पोरं, वकील, मास्तर यांतले किती जण त्या मेसमध्ये जेवले ते मोजायला बसा एकदा.

मध्येच एक पेच आला, तो विसरता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि कागदावर अनुसूचित जातीतून बाहेर पडलो. धम्म घ्या तर सवलत जाते, सवलत ठेवा तर 'हिंदू महार' लिहा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राला मात्र १९९० उजाडावं लागलं. चौतीस वर्षं! तोवर कितीक घरांत भिंतीवर बुद्ध आणि पेटीत हिंदूचा दाखला. त्यावरून आपल्याच लोकांनी आपल्यालाच टोमणे मारले. बापानं पोराच्या पोटासाठी लिहिलेल्या एका शब्दावरून त्याची निष्ठा मोजू नये असं मला वाटतं.

आणि त्याच यशवंतरावांच्या काळात, १९५९ मध्ये, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफी आली, ई.बी.सी. म्हणतात ती. चांगली गोष्ट झाली. गरीब मराठ्याची, माळ्याची, ब्राह्मणाची पोरं तिच्यावर शिकली. माझ्या वर्गात निम्मी होती. आमची यादी बोर्डावर, त्यांचीही यादी बोर्डावर. पण ते ई.बी.सी.वाले आणि आम्ही जावई. म्हणजे दुखणं सरकारी पैशाचं नव्हतंच. येसकराचं पोर पँट घालून शेजारच्या बाकावर बसलं, याचं होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटल्या, त्या आगीत हा बाकही होता.

आता आजचं. नव्या पोरांना कुणी तोंडावर जावई म्हणत नाही फारसं. आता काम आकड्यांनी होतं. २०१० च्या दरानं वसतिगृहात राहून साधं बी.ए. करणाऱ्याला निर्वाहभत्ता होता महिना ५७०, दहा महिन्यांचे ५,७००. २०२१ मध्ये दर सुधारले, मोठी जाहिरात झाली. किती झाले? वर्षाला ६,०००. अकरा वर्षांत ३०० रुपये वाढ. अकरावी-बारावीवाल्याला ३,८०० चे ४,०००. परभणीत एका महिन्याची मेस किती पडते ते तुम्हीच सांगा. उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाख, २०२१ च्या नियमांतही तेवढीच. त्याच्या वर गेलात तर राज्याची फ्रीशिप, म्हणजे फी तेवढी, भत्ता नाही. खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांच्या फी योजनेला मात्र राज्यानं २०१७ मध्ये मर्यादा आठ लाख केली. त्यांची आठ लाख असायला माझी हरकत नाही. आपली अडीच का, एवढंच विचारायचं.

दुसरी गंमत केंद्र आणि राज्याच्या वाटणीची. २०१७-१८ पासून तीन वर्षं जुन्या सूत्रामुळे जवळजवळ सगळा बोजा राज्यांवर आला. केंद्राचे वर्षाला ११०० कोटींच्या आसपास, तेही अख्ख्या देशाला. राज्य म्हणायचं केंद्राचा पैसा आला नाही, केंद्र म्हणायचं राज्यानं हिशोब दिला नाही. पोरगं मध्ये. डिसेंबर २०२० मध्ये ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य असं ठरलं आणि पैसा थेट खात्यावर जाऊ लागला. आता राज्याचा ४० आधी पडला पाहिजे, मग केंद्राचा ६०. खातं आधारला जोडलं नसेल तर दोन्ही अडकले. पूर्वी क्लार्कच्या टेबलापुढं उभं राहता यायचं, ओरडता यायचं. आता 'अंडर स्क्रुटिनी' म्हणून मोबाइलवर दिसतं, ओरडायचं कुणावर? तिकडं कॉलेज फीसाठी परीक्षेचा फॉर्म अडवतं, टी.सी. अडवतं.

उशिराला आपण उशीर म्हणतो, म्हणून तो चालतो. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप २०१५ च्या जुलैपासून थांबली होती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला तेव्हा सात महिन्यांचे पावणेदोन लाख येणं बाकी होते, हे त्याच्याच शेवटच्या चिठ्ठीत आहे. ज्या हैदराबादेतून आलेल्या कर्जावर आमचं मिलिंद उभं राहिलं, त्याच शहरातली ही गोष्ट.

आणि परदेशी शिष्यवृत्ती? १९४२ मध्ये बाबासाहेबांनी मागितलेला तो एक लाख आठवा. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातल्या समाजाच्या अभ्यासाचे विषय वगळले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात जो निबंध वाचला तो हिंदुस्थानातल्या जातींवर होता. या नियमानं त्या विषयाला पैसा मिळाला नसता. बडोद्याच्या राजानं घातली नाही अशी अट आपल्या सरकारनं घातली!

१९४२ चं ते निवेदन महाराष्ट्र सरकारनं छापलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहे. मोजून वाचायचं म्हटलं तर शिक्षणाचा भाग एका बैठकीत होतो. परभणीच्या अभ्यासवर्गात येत्या रविवारपासून तो मराठीत उतरवायला घेतोय. ज्याला इंग्रजी बरं येतं त्यानं वही आणावी. ज्याची जी.ओ.आय. अडकली आहे त्यानं अर्जाची प्रत, तारीख टाकून, बरोबर आणावी. तालुक्यावार यादी करायची आहे, आणि ती यावेळी बोर्डावर आपण लावू, समाजकल्याणच्या दारात.